थरथरणाऱ्या हातासाठी अल्प्राझोलाम-क्लोनाझेपाम: पहिल्या चिठ्ठीपासून गोळी सोडेपर्यंत

हात थरथरतात म्हणून डॉक्टर अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम लिहून देतात. घरी आल्यावर कोणीतरी स्ट्रिप उलटसुलट करून बघतं आणि म्हणतं, "अहो, ही तर झोपेची गोळी! हिची सवय लागते." मग काही जण गोळी न घेताच ड्रॉवरमध्ये टाकून देतात. काही जण घेतात, हाताला बरं वाटतं, आणि पुन्हा डॉक्टरकडे न जाता वर्षानुवर्षं घेतच राहतात. मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. ही दोन्ही प्रकारची माणसं काउंटरवर भेटतात आणि दोघांबद्दलही जीव तुटतो. नीट वापरली तर ही गोळी उपयोगाची आहे आणि नीट सोडताही येते. कोणती गोळी, किती आणि किती दिवस, हे ठरवायचं काम मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचंच आहे. त्यांच्याशी नीट बोलता यावं आणि घरी आल्यावर गोंधळ होऊ नये, यासाठी हे सगळं लिहितो आहे.

१. आधी थरथर कोणती ते ठरू द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. थरथरीचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

हात मांडीवर सैल सोडून टीव्ही बघताना थरथरतो, की कप तोंडाशी नेताना, हे घरच्या माणसांनी दोन-चार दिवस नुसतं बघावं. काम करताना थरथरत असेल, म्हणजे चहा बशीत सांडतो, सुईत दोरा जात नाही, मोदकाच्या कळ्या पाडता येत नाहीत, चेकवरची सही जुळत नाही म्हणून बँक चेक परत करते, तर बहुतेक वेळा तो इसेन्शियल ट्रेमर असतो. तो सहसा दोन्ही हातांना असतो, हळूहळू वाढतो, काहींची मान किंवा आवाजही थरथरतो. घरात आधी कोणाला तरी असतो: "आमच्या वडिलांचेही हात असेच कापायचे" हे वाक्य फार ऐकू येतं. अनेकांच्या बाबतीत थोडी दारू घेतली की तो तासाभरासाठी शांत होतो. ही खूण डॉक्टरांना जरूर सांगा, पण तिला उपाय करू नका. उतरताना थरथर आणखी वाढते.

हात निवांत असताना थरथर, अंगठा आणि बोट एकमेकांवर घोळवल्यासारखी हालचाल, एकाच बाजूने सुरुवात, सोबत चाल मंदावणं, अक्षर बारीक होत जाणं, असं असेल तर कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची शंका घेतात. त्याचा मुख्य उपचार वेगळा आहे. घाबरल्यामुळे कंप वाढत असेल किंवा झोपेत लाथा मारणं, ओरडणं असेल तर त्यातही क्लोनाझेपाम कधी कधी देतात, पण ते पूरक म्हणून.

तिसरा प्रकार फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर लोकलची वाट बघत उभं राहिलं की मिनिटभरात पाय आतून थरथरू लागतात, आता पडतो की काय असं वाटतं. चालायला लागलं की ठीक, बसलं की पूर्ण बंद. त्यामुळे माणूस रांगेत उभं राहायचं टाळतो, देवळात दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडतो, आणि घरचे म्हणतात "मनाचे खेळ आहेत". हा ऑर्थोस्टॅटिक ट्रेमर असू शकतो. त्यात पायांचे स्नायू सेकंदाला १३ ते १८ वेळा थरथरतात. इतकं जलद की डोळ्यांना नीट दिसतही नाही, स्नायूंची विद्युत तपासणी केली की कळतं. या प्रकारात मात्र क्लोनाझेपाम हे पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी एक आहे.

आणि मग शरीरातल्या इतर गोष्टींमुळे होणारी थरथर. थायरॉइड वाढलेला, साखर अचानक उतरलेली, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारासाठीचं लिथियम. आमच्या काउंटरवर सर्रास दिसणारं आणखी एक कारण आहे. ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये पोटाच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड असतं. म्हाताऱ्या माणसांनी ते महिनोन्‌महिने घेतलं तर हात थरथरणं, अंग जड होणं, चाल मंदावणं असा हुबेहूब कंपवात दिसू शकतो. चक्करसाठीच्या सिनारिझिन आणि मायग्रेनसाठीच्या फ्लुनारिझिननेही तेच होऊ शकतं. मूळ औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करायचं सोडून त्यावर थरथरीची दुसरी गोळी चढवणं हा अन्याय आहे, आणि तो टाळता येतो. तरुण मुलामुलींमध्ये थरथर सुरू झाली तर शरीरात तांबं साचण्याचा विल्सन्स आजार नाही ना, हेही तपासतात.

२. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

आधी आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, साखर अशा साध्या तपासण्या तिथेच होतात. मग न्यूरोलॉजिस्ट. खासगीत जायचं नसेल तर ठाण्याहून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ पडतं. नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. परळचं केईएम लोकलच्या अंतरावर आहेच. मेंदूच्या डॉक्टरांची ओपीडी सगळीकडे रोज असतेच असं नाही, म्हणून वार आणि केसपेपरची वेळ आधी फोन करून विचारा. थरथरत्या माणसाला गर्दीत उगाच दोनदा हेलपाटा नको.

सोबत घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. यादी नको, खरी पाकिटं न्या. डोळ्यांचे थेंब, पंप, वैद्यांचं चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेली अर्धी स्ट्रिप, सगळं. आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ काढून ठेवा: एक हात मांडीवर ठेवून, एक पाण्याचा ग्लास उचलताना. दवाखान्यात नेमकी थरथर कमी असते किंवा घाबरल्यामुळे दुप्पट होते. व्हिडिओ घरी असतं तसंच दाखवतो.

३. या गोळ्यांची पाळी कधी येते

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपाइन या एकाच घराण्यातली. रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या शोधातून १९६० साली या घराण्यातलं पहिलं औषध, लिब्रियम, बाजारात आलं, १९६३ साली व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम. आपल्याकडची जुनी पिढी त्याला अजून 'काम्पोज' म्हणते. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींची उत्तेजना कमी करतं, आणि या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. थरथर निर्माण करणारी मेंदूतली साखळी त्यामुळे थोडी निवते आणि मनाची धास्तीही कमी होते. आजार मात्र तिथेच असतो. गोळी चालू असेपर्यंतच परिणाम राहतो.

इसेन्शियल ट्रेमरमध्ये पहिला मान प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन या दोन औषधांचा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही दोन सर्वात वरच्या पायरीवर ठेवली, अल्प्राझोलाम दुसऱ्या पायरीवर 'बहुधा उपयोगी' म्हणून आणि क्लोनाझेपाम तिसऱ्या पायरीवर 'कदाचित उपयोगी' म्हणून. अल्प्राझोलामपुढे सवयीचा धोका असल्याने जपून वापरा, असंही त्यांनी लिहिलं. २०११ मध्ये त्या सूचना पुन्हा तपासल्या, तेव्हाही या दोघांची जागा बदलली नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत अल्प्राझोलाम मिळालं तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, प्रोप्रॅनोलॉल मला चालणार नाही का?" कारण असतं बरेचदा. दमा असेल, नाडी फार मंद असेल तर प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. मधुमेहात इन्शुलिन घेणाऱ्यांना जपून देतात, कारण साखर उतरल्याची धडधड ते झाकून टाकतं. प्रिमिडोनने काहींना पहिल्याच दिवसांत भयंकर गुंगी येते, मळमळतं. अशा वेळी, किंवा ही दोन्ही पूर्ण मात्रेत घेऊनही कप धरता येत नसेल तर, बेन्झोडायझेपाइनचा विचार होतो. चारचौघांत बसलं की थरथर दुपटीने वाढते अशांनाही त्याचा फायदा होताना दिसतो. कोणाला फक्त लग्नसमारंभापुरती किंवा भाषणापुरती गोळी पुरते. ती मधूनमधून घेतली तर सवयीचा धोका पुष्कळ कमी राहतो. अर्थात हेही डॉक्टरांना विचारूनच.

दोघांत फरक काय? अल्प्राझोलाम लवकर चढतं आणि लवकर उतरतं. शरीरातली मात्रा निम्मी व्हायला सरासरी ११ तास लागतात, वयस्कांत त्याहून जास्त. क्लोनाझेपामला ३० ते ४० तास. म्हणून क्लोनाझेपामचा परिणाम दिवसभर सपाट राहतो, पण गुंगीही दुसऱ्या दिवशी रेंगाळते. दोन्ही दिसायला इवल्या गोळ्या, पण ताकद मोठी: अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम साधारण १० मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचं धरतात. "फक्त पॉइंट फाइव्हची तर आहे" असं म्हणून तिला हलकं समजू नका.

४. चिठ्ठी हातात घेण्याआधी दोन गोष्टी

एक, स्वतःबद्दल सगळं सांगा. झोपेत मोठ्याने घोरता आणि मध्येच श्वास अडकतो का, फुप्फुसांचा जुना आजार आहे का, काचबिंदू आहे का, यकृत कमजोर आहे का, मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार आहे का, गेल्या वर्षात पडलात का, दारू किती आणि कधी. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही. दारूचा विषय बायकोसमोर नको असेल तर डॉक्टरांना सांगा, दोन मिनिटं एकटं बोलायचंय. ते समजून घेतात.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच विचारायची राहून जाते: "ही गोळी किती दिवस, आणि थांबवायची कशी?" सुरू करायच्या दिवशीच हे उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. "४ आठवड्यांनी दाखवा, उपयोग नसेल तर कमी करत बंद" इतकं एक वाक्य पुरे. ज्यांच्या चिठ्ठीवर ते नसतं, त्यांच्या घरी ही गोळी आपोआप कायमची होते. मग डॉक्टर बदलतात, घर कोपरीतून घोडबंदर रोडला जातं, जुनी फाइल हरवते, आणि का सुरू केली होती हे सांगणारं कोणी उरत नाही.

५. मेडिकलमध्ये

आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून लोक रागावतात. "अहो काका, तुम्ही मला ओळखत नाही का?" असंही एक आजी मला म्हणाल्या, माझ्याहून वयाने मोठ्या असून. ओळखतो, आणि म्हणूनच देत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम शेड्यूल एच-वन, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीमध्ये आहेत. तो नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, तो वाचा. क्लोनाझेपामही चिठ्ठीचंच औषध आहे. ही सगळी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या मानसप्रभावी द्रव्यांच्या यादीत येतात, त्यामुळे शेजारणीला दोन गोळ्या देणंही बरोबर नाही. फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला घेणार असाल तर २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत अशा औषधांवर बंधनं आहेत. पहिल्यांदा तरी प्रत्यक्ष जाऊनच दाखवा.

स्ट्रिप हातात आली की काउंटरवरच तीन गोष्टी बघा. औषधाचं मूळ नाव: 'लोनाझेप' हे क्लोनाझेपामचं ब्रँडनाव आहे आणि 'लोराझेपाम' हे वेगळंच औषध, घाईत वाचलं तर गफलत होते. मग मात्रा: क्लोनाझेपाम ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅममध्ये येतं, आणि ०.२५ च्या जागी २ हातात पडलं तर ते आठपट. आणि तिसरं, गोळी एकट्या औषधाची आहे की जोडगोळी. आपल्याकडे क्लोनाझेपाम आणि प्रोप्रॅनोलॉल एकाच गोळीत मिळतं, क्लोनाझेपाम आणि एस्सिटॅलोप्रॅमही एकाच गोळीत मिळतं. मला या जोडगोळ्या थरथरीसाठी मनापासून आवडत नाहीत. एक औषध कमी करायचं झालं तरी दुसरंही कमी होतं. गोळी एकदम बंद केली तर प्रोप्रॅनोलॉलही एकदम बंद होतं, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना ते धोक्याचं आहे. शक्य असेल तर डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळी लिहायला सांगा.

६. पहिले पंधरा दिवस

सुरुवात नेहमी लहान. अभ्यासांत थरथरीसाठी अल्प्राझोलाम दिवसाला ०.१२५ ते ३ मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ ते ६ मिलिग्रॅम असं दिलं गेलं आहे, पण वरचे आकडे बघून कोणी तिकडे धावू नये. वयस्क माणसाला बहुधा पाव किंवा अर्ध्या गोळीपासून, रात्रीच्या वेळी सुरुवात करतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तितकीच घ्या. गोळीचे सरळ दोन भाग करायचे तर सुरी वापरू नका. मेडिकलमध्ये गोळी कापायची प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्यांचा कापताना भुगा होतो, तेव्हा अर्धी घ्यायची असेल तर साधी गोळी मागा.

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी एका कोऱ्या कागदावर मधून बाहेर जाणारी चक्री काढा. मनगट टेबलावर टेकवायचं नाही, हात हवेत ठेवून काढायची. उजव्या हाताने एक, डाव्याने एक, खाली सही आणि तारीख, वेळ. मग दर आठवड्याला त्याच वेळी तेच. न्यूरोलॉजिस्टही हीच चक्री काढून घेतात. "थोडं बरं वाटतंय" यापेक्षा चार कागद समोर ठेवले की गोळीचा उपयोग होतोय की नाही हे डॉक्टरांना लगेच दिसतं. रेघ सरळ झाली नाही, फक्त पेंग वाढली, असं असेल तर ती गोळी तुमच्यासाठी नाही. तसं म्हणायला संकोच करू नका.

पेंग, तोल जाणं, बोलताना जीभ जड होणं, विसरायला होणं हे या गोळ्यांचे नेहमीचे त्रास. तरुणांना ते त्रासदायक वाटतात. पासष्टीच्या पुढे मात्र यातून हाडं मोडतात. बहुतेक अपघात घरातच: रात्री लघवीला उठणं, ओली फरशी, अंधार. गोळी सुरू करण्याआधी बेड ते बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा लावा, पायपुसणी घसरत असेल तर काढा, कमोडशेजारी धरायला दांडी बसवून घ्या. रात्री उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. आई-बाबा एकटे राहत असतील तर ही कामं मुलांनी एका रविवारी उरकावीत.

गाडी चालवू नका. किमान पहिले काही आठवडे, आणि डोस वाढवला की पुन्हा काही दिवस. घोडबंदर रोडवर किंवा पाम बीच रोडवर अर्ध्या सेकंदाचा उशीर पुरतो. औषधाच्या अमलाखाली गाडीवर ताबा नसणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हाही आहे, मग औषध डॉक्टरांनी दिलेलं का असेना. बसच्या पायरीवर, लोकलच्या दारात उभं राहणंही टाळा.

उलटा परिणामही क्वचित होतो: माणूस शांत होण्याऐवजी चिडचिडा, अस्वस्थ, भांडखोर होतो. म्हातारपण म्हणून दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांना कळवा. मन फार खिन्न झालं, जगू नये असं वाटलं तर त्याच दिवशी कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

७. कशासोबत घ्यायची नाही

दारू अजिबात नाही. हीच थरथर दारूने तासभर थांबते, त्यामुळे इसेन्शियल ट्रेमरवाल्यांना दोन्ही एकत्र करायचा मोह होतो. दोघं मिळून श्वास मंदावतात. ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी आणि कोडीनचं खोकल्याचं औषध यांचंही तेच. सर्दीच्या गोळ्यांनी गुंगी दुप्पट होते.

आणखी एक धोका इथे पावसाळ्यात हमखास येतो. जांघेत, कमरेला गजकर्ण होतं आणि त्वचेचे डॉक्टर इट्राकोनॅझोल लिहितात. ते अल्प्राझोलामला शरीरातून बाहेर पडू देत नाही, म्हणून ही जोडी देऊच नये असं आहे. केटोकोनॅझोलच्या गोळीचंही तसंच. क्लॅरिथ्रोमायसिननेही अल्प्राझोलामची पातळी चढते. टीबीच्या रिफॅम्पिसिनने उलट होतं, पातळी उतरते आणि थरथर परत येते. त्वचेच्या, दातांच्या, कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी "मी अल्प्राझोलाम घेतो" हे स्वतःहून सांगा. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी.

८. गोळीच थरथर आणते तेव्हा

हे समजलं नाही म्हणून अनेकांचा डोस नकळत वाढत जातो.

अल्प्राझोलाम सकाळी घेतलं, दुपारी चारपर्यंत हात शांत. मग धडधड, घाम, आणि हात आधीपेक्षाही जोरात. माणूस म्हणतो, "आजार वाढला, गोळी पुरेना." बरेचदा आजार तेवढाच असतो. शरीराला गोळीची सवय झाली आहे आणि मधल्या वेळात ती उतरते आहे, त्याची ती थरथर. गोळी उतरण्याची लक्षणं म्हणजे थरथर, घाम, धडधड, झोप उडणं. आणि मूळ तक्रारही थरथरच. म्हणून दोन्ही एकच वाटतात. फरक ओळखायचा असेल तर आठवडाभर घड्याळ बघून लिहा: गोळी किती वाजता, थरथर किती वाजता. रोज गोळीच्या ठराविक तासांनंतरच थरथर येत असेल आणि सोबत घाबरल्यासारखं होत असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतः एक गोळी वाढवू नका. डॉक्टर वेळा बदलतील, कदाचित लांब पल्ल्याचं क्लोनाझेपाम देतील, कदाचित दुसऱ्याच औषधाकडे वळतील.

९. साठा, गाव आणि परदेश

रोज घेणाऱ्याची गोळी अचानक संपणं ही खरी आणीबाणी आहे. महिने-वर्षं घेतलेली गोळी एकदम बंद झाली तर झोप उडते, अंग थरथरतं, भास होतात, आणि फिट येऊ शकते. अल्प्राझोलामचा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. ठाण्यातली निम्मी गल्ली गणपतीला कोकणात जाते, आणि तिथे पाचव्या दिवशी लक्षात येतं की स्ट्रिप इथेच राहिली. गावातलं मेडिकल चिठ्ठी मागणारच. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी गोळ्या मोजा, मूळ चिठ्ठी आणि तिचा मोबाइलवर फोटो सोबत ठेवा, गोळ्या मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा.

मुलं दुबई-अबुधाबीला असलेल्यांनी जास्त जपायचं. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधं आहेत, तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी प्रवासाआधी ऑनलाइन घ्यावी लागते. तिकीट काढलं की लगेच डॉक्टरांकडून ताजी चिठ्ठी आणि पत्र घ्या.

घरात नातवंडं असतील तर गोळ्या कपाटात, कुलपात. लहान मुलाने गिळली, किंवा मोठ्यांनी जास्त घेतली आणि माणूस उठवूनही उठत नाही, श्वास संथ वाटतो, तर वाट न बघता १०८ ला फोन करा आणि रिकामी स्ट्रिप सोबत न्या.

१०. गोळी सोडताना

वर्षं झाली तरी सोडता येते. ज्यांनी घाईने एका आठवड्यात सोडायचा प्रयत्न केला आणि हाल झाले, ते समजतात की आपल्याला जमणारच नाही. वेग चुकलेला असतो. सध्याच्या मार्गदर्शक सूचना दर २ ते ४ आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के इतकीच कपात सुचवतात. म्हणजे बरेच महिने लागतात, आणि लागू द्यावेत. अल्प्राझोलाम सोडणं जड जात असेल तर डॉक्टर आधी लांब पल्ल्याच्या क्लोनाझेपाम किंवा डायझेपामवर नेतात आणि मग ते उतरवतात. शेवटचा पाव तुकडा सोडणं बहुतेकांना सगळ्यात अवघड जातं. तिथे एक दिवसाआड घेण्याची युक्ती स्वतःहून करू नका, पातळी वरखाली होऊन त्रास वाढतो. रोजच थोडी कमी घ्यायची.

सुरुवात करायला शांत काळ निवडा. दिवाळी, घरातलं लग्न, हयातीच्या दाखल्याची नोव्हेंबरमधली धावपळ नको. कपात केल्यावर चार-सहा दिवस थरथर वाढली तर घाबरू नका, चक्री काढून ठेवा. दोन आठवड्यांनीही ती खाली आली नाही तर पुढची कपात लांबवायची, परत वर चढायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. याच काळात इतर मदत वाढवा. चहा-कॉफी कमी, कप अर्धाच भरलेला आणि झाकणाचा, चमचा जाड मुठीचा, पेन जाड, दोन्ही कोपर टेबलाला टेकवून जेवण. बँकेत नवीन नमुना सही देता येते, तसा अर्ज करा. हे सगळं करूनही थरथर जगणं अडवत असेल तर मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया किंवा फोकस्ड अल्ट्रासाउंड हे पर्याय आहेत, न्यूरोलॉजिस्टना विचारा.

सुटलेल्या गोळ्या 'असू देत, कधी लागतील' म्हणून ठेवू नका. उरलेल्या स्ट्रिप आमच्याकडे आणून द्यायच्या असतील तर आधी विचारा. प्रत्येक मेडिकल घेतंच असं नाही. कोणीच घेत नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून, चहाच्या ओल्या चोथ्यात कुस्करून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाका, आणि चिठ्ठीवरचं नाव फाडून वेगळं.